अमुक

गेल्या माघात माझ्या मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घर देहूतच आहे, पण गावाबाहेर. माझ्या लहानपणी जेथे ज्वारी उभी असे तेथे आता सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. संकल्प सोडावयाची वेळ आली. सकाळपासून दोन घरच्या पूजा सांगून गुरुजींचा घसा बसला होता; म्हणून त्यांनी जावयांच्या हाती एक छापील पोथी दिली आणि 'येथून वाचा' असे म्हणून ओळीवर बोट ठेवले. जावई मोठे प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी एकही अक्षर न गाळता खणखणीत आवाजात वाचावयास आरंभ केला. अमुक नावाचे संवत्सर, अमुक अयन, अमुक ऋतू, अमुक मास, अमुक पक्ष, अमुक तिथी असे सारे यथासांग म्हणून ते 'अमुकगोत्रोत्पन्नः अमुकनामा अहम्' येथवर आले, तेव्हा गुरुजींना बसलेल्या घशानेही ओरडावे लागले : 'अहो यजमान, अमुक नव्हे! आपलं गोत्र म्हणा, आपलं नाव म्हणा!'

मंडळी पोट धरधरून हसली. मुलगी मात्र हसता हसता माझ्या कानाशी लागून म्हणाली, 'बाबा, ह्यांनी मॅक्रो तसाच वाचला बघा.'

तिचा हा शेरा बाकीच्यांना कळला नाही. मला मात्र तो चांगलाच कळला, आणि त्या दिवसापासून तो मनात घर करून राहिला आहे. मी मूळचा गणिताचा माणूस. आमच्या महाविद्यालयांत संगणकाचा विषय प्रथम आला तेव्हा, ज्याला गणित येते त्याला हेही येत असलेच पाहिजे अशा उदार समजुतीने तो माझ्या गळ्यात घालण्यात आला. प्रा. धनंजय ढमढेरे यांचे 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग'वरील पाठ्यपुस्तक रात्री वाचावयाचे आणि सकाळी तेच वर्गात सांगावयाचे, अशी माझी काही वर्षे गेली. तेव्हा जे मी शिकवीत असे, त्याचा अर्थ मला त्या वास्तुशांतीच्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगला, असे म्हणावयास हरकत नाही.

मॅक्रो म्हणजे काय हे जुन्या पिढीतील मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. 'सा. न. वि. वि.' ही चार अक्षरे वडील पत्राच्या आरंभी लिहीत, आणि पत्र मोठ्याने वाचून दाखविणारा ती 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी वाचीत असे. लिहिणाऱ्याने संक्षेप लिहावा, वाचणाऱ्याने तो उलगडावा, एवढाच हा व्यवहार. 'सी' या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिणाराही असे संक्षेप आरंभी ठरवून ठेवतो. १९७२च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा घडविली. तीत लिहिलेला मजकूर यंत्राच्या बोलीत उतरविणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात, आणि आमच्या परिभाषाकोशांत त्यास 'संकलक' असा शब्द आहे. हा संकलक प्रत्यक्ष भाषांतरास हात घालण्यापूर्वी सारा मजकूर एकदा वाचून त्यातले संक्षेप उलगडून घेतो.

परंतु काही संक्षेप असे असतात की त्यांचा अर्थ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोठेही सांगितलेला नसतो. लाइन, फाइल, डेट, टाइम अशी त्यांची नावे. सामान्य शब्दांहून ती वेगळी दिसावीत म्हणून त्यांच्या दोन्ही अंगांस दोन दोन अधोरेषा जोडलेल्या असतात. १९८९ साली 'सी'चे पहिले अधिकृत मानक झाले त्यात ही चार नावे आणि, हा संकलक मानकानुसार चालणारा आहे असे सांगणारे पाचवे एक, अशी पाच नावे नेमून दिलेली आहेत. 'लाइन' म्हणजे हा शब्द ज्या ओळीत आला तिचा क्रमांक. 'फाइल' म्हणजे ज्या फाइलीत तो आला तिचे नाव. 'डेट' आणि 'टाइम' म्हणजे हे संकलन ज्या दिवशी व ज्या वेळी झाले तो दिवस व ती वेळ. यांनाच अंगभूत मॅक्रो म्हणतात. पोथीतला 'अमुक' तो हाच. त्याचा अर्थ पोथीत छापता येत नाही, कारण पोथी छापली जाते त्या वेळी तो अर्थ अस्तित्वातच नसतो. यजमान कोण, तिथी कोणती, हे पाटावर बसल्यावाचून ठरत नाही.

मग हे शब्द संकलक ओळखतो कसे? माझे विद्यार्थी एका तोंडाने उत्तर देत : अधोरेषांवरून. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का हे समजावून सांगण्यात माझा एक तास नेहमी जात असे. अधोरेषा हा केवळ गणवेश आहे. गणवेश घातलेला प्रत्येक इसम शिपाई नसतो, हे खऱ्या शिपायाला ठाऊक असते, कारण त्याच्यापाशी हजेरीपट असतो. संकलकापाशीही असा पट असतो. जीसीसी नावाचा जो जगभर फुकट मिळणारा संकलक आहे, तो प्रोग्रॅमची पहिली ओळ वाचण्यापूर्वीच ही सारी नावे आपल्या कोष्टकात नोंदवून ठेवतो. मग वाचता वाचता जो जो शब्द भेटेल तो तो या कोष्टकात पाहावयाचा. साधा शब्द असेल तर पुढे सोडून द्यावयाचा. लेखकाने ठरविलेला संक्षेप असेल तर त्याच्यापुढे लिहून ठेवलेला मजकूर त्याच्या जागी आणून बसवावयाचा. आणि अंगभूत मॅक्रो असेल तर? त्याच्यापुढे मजकूर नसतोच. तेथे केवळ एक खूण असते, आणि ती खूण सांगते की अमक्या गोष्टीची चौकशी करून उत्तर घेऊन ये. 'लाइन' आली की चालू ओळीचा आकडा पाहावयाचा. 'डेट' आली की घड्याळाकडे पाहावयाचे. मात्र हे एकदाच, आणि मग त्या संकलनापुरती तीच तारीख लक्षात ठेवावयाची, नाहीतर मध्यरात्री चाललेल्या कामात वरच्या भागात एक दिवस व खालच्या भागात दुसरा असा घोटाळा व्हावयाचा. जीसीसीने आपल्या पदरचे एक नाव 'काउंटर' असे जोडले आहे. ते भेटेल तितक्या वेळा शून्यापासून पुढचा पुढचा आकडा मिळतो.

आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. अवतरणचिन्हांत आलेल्या शब्दास संकलक हात लावीत नाही. ते दुसऱ्याचे बोलणे आहे, ते जसेच्या तसे राहिले पाहिजे, ही सभ्यता तो पाळतो. दुसरी गोष्ट अशी की, एखाद्या संक्षेपाच्या पोटात 'लाइन' हा शब्द असला तर संक्षेप ठरविते वेळी तो उलगडला जात नाही. संक्षेप जेथे वापरला जाईल तेथेच उलगडतो. 'असर्ट' नावाचा तपासणीचा एक नेहमीचा मॅक्रो आहे. एखादी गोष्ट खरी असावी तशी नसली तर तो कामकाज थांबवितो आणि चूक कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर सापडली हे सांगतो. ओळीचा क्रमांक हा मॅक्रो ठरविला तेव्हाच भरून ठेवला असता तर जगातील साऱ्या चुका एकाच ओळीवर घडल्या असे दिसले असते! अर्थ शब्दापाशी साठविलेला नसून जागेपाशी असतो, आणि म्हणून शब्द त्या जागी पोहोचेपर्यंत धीर धरला पाहिजे, हा त्या यंत्राचा नियम आहे.

हे सारे शास्त्र आमच्या मुलखाला परके राहिलेले नाही. देहूपासून फार दूर नसलेल्या हिंजवडीत, या शतकाच्या पहिल्या दशकात केपीआयटी कमिन्स या कंपनीतील मंडळी रेनेसास या जपानी कंपनीच्या एसएच आणि एच८ या चिपांसाठी जीसीसी व त्याबरोबरची अवजारे तयार करून जगभरच्या अभियंत्यांना विनामूल्य देत असत. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगाच्या अभ्यासाचे केंद्र चालविले आणि त्याच्या कार्यशाळांतून कित्येक विद्यार्थ्यांना हे यंत्र आतून पाहावयास मिळाले. निरनिराळ्या चिपांसाठी संकलक सिद्ध करणाऱ्याला अंगभूत नावांत आणखी एका जातीच्या नावांची भर घालावी लागते : एसएचसाठी संकलन चालू असेल तर त्या चिपेचे नाव आपोआप ठरलेले असावे, म्हणजे प्रोग्रॅमला आपण कोणत्या यंत्रासाठी आहोत हे कळते. यालाही संकल्पात जोड आहे. आमच्याकडील गुरुजी गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार करतात, आणि देहू गोदावरीच्या दक्षिणेस असल्यामुळे तो देहूतही चालतो. तो दिवसागणिक बदलत नाही, पण यजमानाने मुलूख बदलला की बदलतो.

माझी मुलगी चाकणच्या बाजूला मोटारींच्या नियंत्रकांचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. वास्तुशांतीनंतर चार दिवसांनी ती भेटली तेव्हा मी मोठ्या हौसेने म्हणालो, 'अगं, तो तारखेचा मॅक्रो म्हणजे केवढी सोय! यंत्रात आपण होऊन आजची तारीख उमटते.'

'बाबा, आम्ही तो वापरतच नाही,' ती म्हणाली. 'तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, आज संकलित केला आणि उद्या केला, तर दोन वेगळ्या वस्तू तयार होतात. मग ही वस्तू याच मजकुरापासून झाली हे सिद्ध कसं करायचं?'

ही अडचण तिच्या एकटीची नव्हती. २०१४ साली जीसीसीमध्ये अशी सोय झाली की, इच्छा असल्यास अशा शब्दांवर तो इशारा देईल. २०१७च्या सातव्या आवृत्तीपासून त्याला बाहेरून एक तारीख सांगून ठेवता येते, १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत. 'सोर्स डेट इपॉक' असे त्या सांगण्याचे नाव आहे. मग तो घड्याळाकडे पाहात नाही. सांगितलेलीच तारीख लिहितो.

मी म्हणालो, 'म्हणजे शेवटी तुम्ही तारीख काढूनच टाकलीत म्हणा की.'

ती म्हणाली, 'काढून नाही टाकली, बाबा. कोणती तारीख धरायची ते मजकुराबरोबर लिहून ठेवलं. काढून टाकली असती तर 'आज' म्हणजे केव्हा, हे कोणालाच सांगता आलं नसतं.'

तिने हे सहज म्हटले. माझ्याविषयी तिच्या मनात काही होते असे मला वाटत नाही. पण मी त्यानंतर फारसे बोललो नाही, आणि त्याचे कारण येथे सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

माझे वडील २०११च्या कार्तिकात वारले. ते देहूस राहात. मी नोकरीनिमित्त पुण्यास. त्या आठवड्यात मी परीक्षेच्या कामासाठी परगावी होतो आणि त्यांच्या अखेरच्या वेळी मी जवळ नव्हतो. त्यांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती. दरवर्षी कोणीतरी भेट दिलेली छापील डायरी ते वापरीत. पानाच्या माथ्यावर वार, तारीख, तिथी सारे छापलेले, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरांत दोन-चार ओळी. कधी रोज लिहीत, कधी पंधरा पंधरा दिवस पाने कोरी राहात. ते गेल्यावर मी ठरविले की या डायऱ्यांतले सारे लेखन टंकलिखित करून भावंडांस एकेक प्रत द्यावयाची. टंकलेखकास मी मोठ्या काटेकोरपणाने बजावले : 'वडिलांच्या हातचे अक्षर न् अक्षर घ्या, डायरीवाल्याचे छापील एकही अक्षर घेऊ नका.' त्याने तंतोतंत तसेच केले. प्रत सुबक झाली. डायऱ्या मात्र काकांनी निर्माल्यासमवेत इंद्रायणीत सोडल्या. त्यांनी मला विचारले होते. मी म्हटले, आता नक्कल झालीच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेराव्या दिवशी परत दिल्या अशी आमच्या गावची श्रद्धा आहे. आमच्या डायऱ्या परत येण्याचे काही कारण नव्हते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री मी ती प्रत प्रथमच शांतपणे वाचावयास घेतली, आणि माझ्या लक्षात आले की मी काय करून बसलो आहे. वडील तारीख कधीच लिहीत नसत. ते 'आज' असे लिहीत. 'आज पाऊस झाला.' 'आज कापूस वेचणाऱ्या बाया आल्या नाहीत.' 'वरील हिशेब चुकला, मागल्या पानावर दुरुस्त केला आहे.' प्रतीत वरील हिशेब म्हणजे कोणता आणि मागले पान कोणते? तारीख पानावर छापलेलीच आहे, मग पुन्हा लिहावी कशाला, असा त्यांचा काटकसरी विचार. त्यांच्या 'आज'चा अर्थ त्या शब्दात नव्हता. तो ज्या जागी लिहिला होता त्या जागेत होता. मी शब्द ठेवले आणि जागा टाकून दिली. जावयांनी पोथीतला 'अमुक' न उलगडता वाचला, म्हणून आम्ही हसलो. मी तर शेकडो 'अमुक' तसेच उतरवून घेतले होते, आणि त्यास प्रामाणिकपणा असे नाव दिले होते.

त्या प्रतीतील शेवटची नोंद अशी आहे : 'आज बरे वाटते. पोराला कळवू नये, परीक्षेच्या कामात असेल.'

हा 'आज' कोणता? माझे परीक्षेचे काम दर वर्षी दोनदा असे, वसंतात आणि दिवाळीच्या मागेपुढे. ही नोंद त्यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवसाची असेल, तर मला न बोलाविणे ही त्यांचीच इच्छा होती आणि अखेरीस त्यांना बरे वाटत होते. ती चैत्रातील असेल, तर त्यानंतर कित्येक महिने त्यांनी एकही अक्षर लिहिले नाही, आणि त्या महिन्यांत त्यांना काय वाटत होते, मला कळवावे असे वाटत होते की काय, हे सांगणारे काहीच उरलेले नाही. डायरी माझ्या हाती एक महिना होती. ते पान मी उघडले असेलच. माथ्यावरची तारीख माझ्या डोळ्यांखालून गेली असेलच. मला ती आठवत नाही.

आमच्या गावात संकलक या शब्दाला संगणकापूर्वीचा अर्थ आहे. अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांची नावे परंपरा सांगते. पुढे १८६९ व १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन भाग निघाले, तेव्हा विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली. हा अभंग तुकोबांचा की नाही, हे ठरविण्यास त्यांच्यापुढे अखेरच्या चरणातील 'तुका' ही नाममुद्रा होती. पण मुद्रा हाही गणवेशच. मागाहून दुसऱ्या कोणी तो चढविला, तर त्यास अडविणारे कोष्टक कोणापाशी नव्हते. यंत्राच्या संकलकाचे तसे नाही. अंगभूत नावांना कोणी नवा अर्थ देऊ नये असे मानकाचे बंधन आहे, आणि कोणी तारखेच्या नावाची अशी उलथापालथ करू लागला तर जीसीसी निदान इशारा देतो. अभंग कोणाचा, हे सांगणारी मुद्रा तरी गाथेत आहे. केव्हाचा, हे सांगणारी एकही नाही. कोणता अभंग वह्या बुडण्यापूर्वीचा आणि कोणता नंतरचा, यावर अभ्यासकांनी आयुष्ये वेचली. तेव्हा माझे दुःख नवे नाही, आणि फार मोठेही नाही. फक्त ते माझ्या हाताने झालेले आहे.

मुलीशी बोलणे झाले त्या रात्री मी जीसीसीचे माहितीपुस्तक पुन्हा उघडून पाहिले. कित्येक वर्षे शिकवूनही एक वाक्य माझ्या नजरेतून निसटले होते. यंत्राला काही कारणाने आजची तारीख कळू शकली नाही, तर संकलक काय करतो? तो कालची तारीख घालीत नाही, अंदाजाने एखादी लिहीत नाही, आणि जागा कोरीही सोडीत नाही. तो एकवार इशारा देतो आणि तारखेच्या जागी प्रश्नचिन्हे लिहितो : महिन्यासाठी तीन, दिवसासाठी दोन, वर्षासाठी चार. येथे तारीख असावयास हवी होती आणि ती मला ठाऊक नाही, एवढे तो पुढच्या वाचणाऱ्यास सांगून ठेवतो.

मी कपाटातून वडिलांच्या रोजनिशीची प्रत काढली आणि शेवटचे पान उघडले. वर्ष मला ठाऊक होते; ते मी लिहिले. त्याच्या आधी पेन्सिलीने तीन प्रश्नचिन्हे काढली, थोडी जागा सोडली, आणि मग दोन. उरलेल्या पानांचे काम आता सुट्टीत करावयाचे आहे. पहिल्या पावसाची आणि एकादशीची नोंद जेथे सापडेल तेथे पंचांगावरून काही तारखा बसतीलही. न बसतील तेथे प्रश्नचिन्हे.